पाच वॅटांचा संवाद

खारघरच्या डोंगराच्या सावलीत वसलेले ओवे हे पनवेल तालुक्यातील जुने गाव. एकेकाळी भातशेतीचे असलेले हे गाव आज सिडकोच्या उंच इमारतींनी वेढले गेले आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा हा सारा परिसर महानगराचा भाग झाला. २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रोही धावू लागली. तरीही एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की गावाचे मूळ स्थान लक्षात येते. पश्चिमेला खारघरच्या डोंगराची भिंत, पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, ईशान्येला मलंगगड आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. चारही दिशांना डोंगर आणि मधल्या खोलगट भागात माणसांची दाट वस्ती, अशी ही भूमी आहे.

पर्यटकाला हे दृश्य रम्य वाटते. हौशी रेडिओचालक मात्र त्याच दृश्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कोणत्या डोंगराआड कोणते गाव दडले आहे, कोणत्या कड्यावरून आवाज पलीकडे उतरेल, कोणत्या दिशेला वाट मोकळी आहे, याचा तो मनोमन नकाशा आखत असतो. त्याच्या हातातील यंत्र तळहातावर मावणारे असते आणि त्याची शक्ती असते जेमतेम पाच वॅट. घरातील रात्रीचा छोटा दिवाही बहुधा इतकीच वीज घेतो. एवढ्याशा शक्तीवर मनुष्याचा शब्द किती दूर जाऊ शकतो, हा या छंदातील मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर जितके विज्ञानाचे आहे, तितकेच संयमाचेही आहे.

विमान आणि जहाज यांच्या मधला पट्टा

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करणे योग्य. ज्यांना रेडिओतंत्राची आवड आहे, ज्यांनी शासनाची परीक्षा उत्तीर्ण करून परवाना मिळवला आहे आणि जे कोणत्याही आर्थिक लाभाशिवाय केवळ शिक्षण, प्रयोग व सेवा यांसाठी बिनतारी संवाद साधतात, त्यांना जगभर 'हॅम' असे म्हणतात. नभोवाणी केंद्र एकच असते आणि श्रोते लाखो. हॅमच्या जगात प्रत्येक जण बोलतोही आणि ऐकतोही.

या संवादासाठी आंतरराष्ट्रीय कराराने काही लहरीपट्टे राखून ठेवले आहेत. त्यांपैकी अत्युच्च वारंवारतेचा, म्हणजे रूढ भाषेत 'व्हीएचएफ'चा, भारतातील सर्वांत लोकप्रिय पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर. त्याला या वारंवारतेने भागले की लहरीची लांबी सुमारे दोन मीटर येते, म्हणून त्याला 'दोन मीटरचा पट्टा' म्हणतात. लांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे साधारण अर्धा मीटर उंचीची तार उभी केली की कामचलाऊ अँटेना तयार होतो. शाळकरी मुलालाही तो घरी बनवता यावा, हे या पट्ट्याच्या लोकप्रियतेचे एक कारण.

ओवे परिसराच्या दृष्टीने या पट्ट्याचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. त्याच्या खालच्या अंगाला, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांचे संभाषण चालते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून जवळच आहे. वरच्या अंगाला, १५६ मेगाहर्ट्झपासून पुढे, जहाजांचा पट्टा सुरू होतो. त्यातील १६ क्रमांकाची वाहिनी जगभरातील दर्यावर्दी संकटकाळी वापरतात. १९८९ पासून कार्यरत असलेले न्हावा-शेव्याचे बंदरही पनवेलच्या खाडीपलीकडेच आहे. एका बाजूला आकाशातील प्रवाशांचे प्राण आणि दुसऱ्या बाजूला समुद्रावरील खलाशांचे प्राण, अशा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये हौशी चालकाला आपले अंगण मिळाले आहे. त्या अंगणाबाहेर आपला एक शब्दही सांडू न देणे, हा त्याचा पहिला धर्म.

जहाजांच्या रेडिओसंचावरही एक बोलके बटण असते. संचाची पूर्ण शक्ती २५ वॅट. पण बंदरात, जवळच्या जहाजाशी बोलताना ते बटण दाबून ती एक वॅटवर आणतात. समोरचा जवळ असताना ओरडू नये, हा घरातील नियम समुद्रावरही पाळला जातो.

शक्तीपेक्षा उंची मोठी

लहान शक्तीच्या संवादाला हॅम मंडळी 'क्यूआरपी' असे म्हणतात. तारायंत्राच्या काळात संदेश आटोपशीर व्हावेत म्हणून तीन अक्षरी संकेत ठरवण्यात आले होते. त्यांतील या संकेताचा अर्थ 'शक्ती कमी करा' असा आहे. पुढे तो एका वृत्तीचेच नाव झाला. मोर्स संकेतांसाठी पाच वॅट ही या वृत्तीने स्वतःला घालून घेतलेली सर्वमान्य मर्यादा आहे. हातात मावणारे व्हीएचएफ संचही बहुधा तेवढ्याच शक्तीचे असतात.

शक्ती दहापट वाढवली तर आवाज दहापट मोठा ऐकू येईल, असा सामान्य समज असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही. रेडिओसंचावरील संदेशाची तीव्रता दाखवणाऱ्या काट्याला एक घर पुढे सरकण्यासाठी चौपट शक्ती लागते. त्यामुळे पाच वॅटऐवजी पन्नास वॅट वापरले, तरी काटा दोन घरेसुद्धा पुढे जात नाही. जो संदेश मुळात स्पष्ट ऐकू येत आहे, त्यासाठी वापरलेली अधिकची शक्ती केवळ बॅटरी संपवते आणि दुसऱ्याच्या संभाषणात अडथळा आणते.

उंचीचा परिणाम मात्र फार मोठा असतो. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीची गोलाई हीच त्यांची मुख्य मर्यादा ठरते. त्याचे गणित सोपे आहे: अँटेनाची मीटरमधील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे; येणारे उत्तर म्हणजे त्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील संच दीड मीटर उंचीवर असतो. त्याचे क्षितिज सुमारे पाच किलोमीटर. तोच माणूस ३६ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर गेला की क्षितिज जवळपास पंचवीस किलोमीटरवर सरकते. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर. तिथल्या कड्यावरून हेच क्षितिज ११६ किलोमीटरपर्यंत पोहोचते. संच तोच, बॅटरी तीच, शक्तीही तीच. बदलते ती फक्त उभे राहण्याची जागा.

हे गणित मोकळ्या भूमीचे आहे. मध्ये डोंगर आला की हिशेब बदलतो. ओव्याहून मुंबईच्या दिशेने बोलू पाहणाऱ्याला खारघरचा डोंगर थेट आडवा येतो. अशा वेळी दोन उपाय असतात. एक म्हणजे दोघांनाही दिसणाऱ्या तिसऱ्या उंच ठिकाणाचा आधार घेणे. तेथे 'रिपीटर' बसवलेला असतो. तो दुर्बळ संदेश एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर सशक्तपणे पुन्हा प्रसारित करतो. दूरदर्शनच्या आरंभकाळात हेच घडले होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुणेकरांच्या घरी ते चित्र पोहोचले.

दुसरा उपाय अँटेना दिशादर्शी करण्याचा. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांतील घरे पाहिली आहेत, त्यांना कौलांवर आणि गच्चीवर उभे असलेले ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचे अँटेना आठवतील. जपानमधील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणलेली ही रचना सर्व दिशांना विखुरणारी शक्ती एका दिशेला एकवटते. दूरदर्शनचे ते अँटेना भंगारात गेले; हौशी रेडिओचालक मात्र आजही तशाच काड्या मोजूनमापून कापतो, लाकडी दांड्यावर बसवतो आणि पाच वॅटांकडून पन्नास वॅटांचे काम करून घेतो.

अरबी समुद्राची किमया

व्हीएचएफ लहरी क्षितिजापलीकडे जात नाहीत, हा नियम बहुतेक दिवशी खरा ठरतो. पण निसर्ग कधीकधी स्वतःच अपवाद निर्माण करतो आणि त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्याच किनाऱ्यावर घडले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळ सुमारे २०० मेगाहर्ट्झवर चालणारे एक रडार बसवण्यात आले होते. त्याने जहाजे आणि विमाने थोड्या अंतरापर्यंत दाखवावीत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पावसाळ्यापूर्वीच्या उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर हजार मैलांहूनही दूर असलेला अरबस्तानचा किनारा उमटू लागला. मोसमी पाऊस येताच ही किमया संपली.

त्याचे कारण हवेच्या थरांत आहे. उन्हाळ्यात जमिनीवरून आलेली उष्ण, कोरडी हवा समुद्रावरील थंड आणि दमट हवेवर पसरते. दोन थरांच्या सीमेवर तापमान आणि आर्द्रता एकदम बदलते. लहर त्या सीमेला स्पर्श करून वर निसटण्याऐवजी खाली वाकते, पुन्हा वर जाते, पुन्हा वाकते. जणू समुद्रावर एक अदृश्य बोगदा तयार होतो आणि लहर पृथ्वीच्या गोलाईला अनुसरत त्यातून पुढे पुढे सरकते. युद्धोत्तर काळात या नोंदींचा शास्त्रीय ग्रंथांत समावेश झाला आणि लहरींच्या अभ्यासकांना मुंबईचे नाव परिचयाचे झाले.

हौशी चालकासाठी यातील बोध असा की हवामान हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे धुरकट, स्थिर हवा असताना एरवी न पोहोचणारे केंद्र अचानक ऐकू येऊ शकते. म्हणून अनुभवी हॅमच्या नोंदवहीत वेळ, वारंवारता आणि शक्ती यांच्या शेजारी वारा, ढग आणि धुके यांचीही टिपणे असतात.

आकाशातील एक वॅट

लहान शक्तीचे सर्वांत सुंदर उदाहरण डोक्यावरच्या आकाशात सापडते. तेथे ना डोंगर आडवा येतो, ना इमारत. १९८३ च्या अखेरीस कोलंबिया या अंतराळयानातून ओवेन गॅरियट या अंतराळवीराने प्रथमच पृथ्वीवरील हौशी चालकांशी संवाद साधला. त्याच्याकडे हातात धरण्याजोगा छोटा संच होता, अँटेना यानाच्या खिडकीला लावलेला होता आणि वापरलेला पट्टा हाच, दोन मीटरचा होता. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कायमस्वरूपी हॅम केंद्र आहे आणि १४५.८० मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज साध्या संचावरही ऐकता येतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला या भारतीय अंतराळवीराने याच मार्गाने भारतातील विद्यार्थ्यांशी संवाद साधला, तेव्हा अनेक घरांत 'हॅम रेडिओ' हा शब्द प्रथमच उच्चारला गेला असेल.

स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने जाते. ओव्याच्या गच्चीवरून ते क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम दहा मिनिटे ऐकू येऊ शकते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी वरच्या सुरात आणि दूर जाताना खालच्या सुरात ऐकू येते, तशीच या संदेशाची वारंवारता येताना सुमारे तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. पाठ्यपुस्तकातील डॉप्लर परिणाम विद्यार्थी येथे स्वतःच्या कानांनी ऐकतो.

या क्षेत्रात भारताचे कार्यही मोलाचे आहे. ५ मे २००५ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने श्रीहरिकोटा येथून 'हॅमसॅट' हा खास हौशी रेडिओचालकांसाठी बनवलेला उपग्रह सोडला. त्याचे वजन ४२.५ किलो होते. तो ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास पृथ्वीवरचा आवाज ऐकत असे आणि १४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केवळ एका वॅटच्या आसपासच्या शक्तीने तो परत पाठवत असे. सहाशे किलोमीटरहून अधिक उंचीवरील हा एक वॅट घराच्या गच्चीवर काड्यांचा अँटेना धरून बसलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येई. जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी होईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, या उपग्रहाने देशोदेशींच्या चालकांची सेवा केली.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनीही हा वारसा पुढे नेला. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला, सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह अवकाशात गेला. हौशी रेडिओच्या लहरींवर संदेशांची देवाणघेवाण करणे हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रहही झेपावला. या उपग्रहांवर काम केलेल्या मुलामुलींच्या हातून जे शिक्षण घडले, ते केवळ गुणपत्रिकेत मावणारे नव्हते.

ऐकण्याची विद्या

लहान शक्तीने बोलणाऱ्याला ऐकू शकणारा कोणीतरी असावा लागतो. म्हणून या छंदात ऐकण्याला बोलण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे. याचे भव्य रूप पाहायचे असेल तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तेथे उभ्या राहिलेल्या विशाल रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे हौशी पट्ट्याच्या अगदी शेजारच्या लहरींवरही ही दुर्बीण ताऱ्यांचे आणि दीर्घिकांचे अतिक्षीण संदेश टिपते. त्या संदेशांपुढे पाच वॅटचा हातातील संच म्हणजे तोफेचा आवाजच. मनुष्याने अनावश्यक लहरींचा गोंगाट का करू नये, हे खोडदच्या माळरानावर उभे राहिल्यावर पटते.

दूरच्या ताऱ्यांचे ऐकणे आणि हौशी रेडिओ यांची सांगड घालणारा एक थोर शास्त्रज्ञ आहे. अमेरिकेतील जोसेफ टेलर यांना जोडीने फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्याच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रसेल हल्स यांच्यासमवेत मिळाले. टेलर लहानपणापासून हॅम. गोंगाटात बुडालेला क्षीण संदेश गणिताच्या साहाय्याने वेगळा काढण्याची जी विद्या त्यांनी ताऱ्यांसाठी वापरली, तीच त्यांनी हौशी चालकांच्या हाती दिली. २००१ मध्ये त्यांनी आणलेली पहिली संगणक-प्रणाली उल्कांच्या क्षणभर उमटणाऱ्या तप्त रेषांवरून परावर्तित होणारे व्हीएचएफ संदेश वाचत असे. पुढच्या प्रणालींनी मानवी कानाला जो संदेश मुळीच ऐकू येत नाही, तोही अचूक उतरवून दाखवला. नोबेल मिळवलेला माणूस आपली विद्या विनामूल्य वाटतो, ही या परंपरेची खूण.

डोंगराखालची रात्र

या छंदाचे खरे मोल मात्र संकटाच्या दिवशी कळते, आणि रायगड जिल्ह्याला संकटांची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथे दरडी कोसळल्या. त्याच सुमारास, २६ जुलैला, सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचा श्वास थांबला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला. सभोवार पुराचा वेढा होता, रस्ते बंद झाले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ओव्याच्या पलीकडच्या डोंगररांगेतील ही वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे नेता आली नाहीत, माणसे पावसात चिखलातून चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली.

अशा ठिकाणी पहिल्या काही तासांत सर्वांत दुर्मीळ वस्तू असते ती खात्रीची माहिती. किती माणसे आहेत, कोणती वाट शिल्लक आहे, दोर हवेत की औषधे, पायथ्याला रुग्णवाहिका थांबवायची की नाही, हे वरून खाली कळवता आले पाहिजे. भ्रमणध्वनीची यंत्रणा मनोरे, वीज, तारा आणि मध्यवर्ती केंद्र अशा अनेक दुव्यांवर उभी असते. एक दुवा तुटला की हातातील फोन निर्जीव होतो. शिवाय संकटाच्या वेळी सारेच एकदम फोन लावू लागतात आणि शाबूत असलेली यंत्रणाही कोंडून जाते. हातातील व्हीएचएफ संचाला यांपैकी कशाचीही गरज नसते. एक संच डोंगरावर, दुसरा पायथ्याशी, आणि मध्ये उंच ठिकाणी उभा असलेला तिसरा माणूस. एवढ्यावर संवाद उभा राहतो. एकाच वारंवारतेवर सारे ऐकत असल्याने एकाने सांगितलेले दहा जणांना एकदम कळते. एक वॅटवर बोलले तर बॅटरीही अधिक काळ टिकते. रात्र मोठी असते तेव्हा ही काटकसर प्राणांइतकी मोलाची ठरते.

हौशी चालकांनी हे काम यापूर्वी केले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा रेडिओसंच घेऊन पोहोचलेल्या हॅम मंडळींनी मदतकार्याच्या संदेशवहनाला हातभार लावला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतरही हेच घडले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचा एक चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होता. छंदासाठी नेलेली यंत्रे त्यांनी त्याच दिवशी सेवेला लावली आणि मुख्य भूमीवरील असंख्य कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली कळली.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. संकटाच्या दिवशी खोक्यातून काढलेला नवा संच कोणाचेही प्राण वाचवत नाही. कोणत्या कड्यावरून कोणती वाडी ऐकू येते, कोणत्या खोऱ्यात आवाज बुडतो, हे आधीच्या शंभर शांत रविवारी फिरून जाणून घेतलेले असावे लागते. हौसेचे ते रविवार ही खऱ्या अर्थाने संकटाची पूर्वतयारी असते.

परवाना म्हणजे जबाबदारी

हे सारे वाचून बाजारातून वॉकीटॉकी मागवण्याचा मोह होईल. तो आवरावा. भारतात परवान्याशिवाय असा संच बाळगणे आणि वापरणे हा गुन्हा आहे. संकेतस्थळांवरून बेकायदा होणाऱ्या वॉकीटॉकी विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एका छोट्या पट्ट्यात अल्पशक्तीच्या, नियमांत बसणाऱ्या संचांना परवान्यातून सूट आहे. परंतु तो पट्टा आणि हौशी रेडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हौशी परवान्याची वाट मात्र कठीण नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण केलेल्या कोणाही भारतीय नागरिकाला दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. प्राथमिक, म्हणजे 'मर्यादित' श्रेणीसाठी रेडिओतंत्राची मूलतत्त्वे आणि नियम यांचे ज्ञान पुरेसे असते. या श्रेणीत कमाल ५० वॅट शक्ती वापरता येते. 'सर्वसाधारण' श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स संकेत पाठवता आणि वाचता यावे लागतात. परवान्यासोबत 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारा ओळखसंकेत मिळतो. जगात तसा दुसरा नसतो. त्या क्षणापासून विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त शिक्षक किंवा उद्योगपती, लहरींवर साऱ्यांची ओळख तेवढ्या पाच-सहा अक्षरांची.

नियमही विचार करायला लावणारे आहेत. व्यापारी बोलणे नाही, संगीत नाही, गुप्त सांकेतिक भाषा नाही, असभ्य शब्द नाही आणि मोबदला तर नाहीच. बोलण्यापूर्वी ऐकायचे, वारंवारता मोकळी आहे ना हे विचारायचे, आपली ओळख सांगायची आणि मगच बोलायचे. कोणी संकटात असेल तर बाकी सर्वांनी तत्काळ मौन पाळायचे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीतच असे कलम आहे की समाधानकारक संवादासाठी आवश्यक तेवढीच शक्ती प्रक्षेपित करावी. गरजेपुरते घ्यावे, अधिक घेऊन दुसऱ्याची वाट अडवू नये, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण अभियंत्यांनी कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली आहे.

घरातला छंद

कुटुंबाच्या दृष्टीने या छंदात काही खास गोष्टी आहेत. त्यात पिढ्यांचे अंतर मिटते. आजोबांना तारेचे संकेत ठाऊक असतात, नातीला संगणक ठाऊक असतो आणि अँटेना गच्चीवर चढवताना दोघांनाही एकमेकांची गरज लागते. अर्ध्या मीटरची तार कापणे, तिची जोडणी तपासणे, नकाशावर दोन ठिकाणांमधील उंची मोजणे, नोंदवही नीट ठेवणे या साध्या कृतींतून भूगोल, भौतिकशास्त्र आणि गणित एकत्र शिकून होतात.

मुलांना विशेष आवडणारा एक खेळही या मंडळींनी घडवला आहे. एखाद्या झुडपाआड छोटा प्रक्षेपक लपवून ठेवतात. तो ठरावीक वेळाने बारीक शक्तीचा संदेश सोडतो. हातात काड्यांचा अँटेना घेऊन, तो गोल फिरवत, आवाज कोणत्या दिशेला वाढतो ते पाहत स्पर्धक त्याचा माग काढतात. परदेशात या खेळाला 'कोल्ह्याची शिकार' असे नाव आहे. मात्र या शिकारीत कोणत्याही जीवाच्या केसालाही धक्का लागत नाही. थोडी पायपीट होते, दिशेचे भान येते आणि दरडीखाली किंवा रानात हरवलेल्या माणसाजवळील संच कसा शोधावा, याचाही नकळत सराव होतो.

इंग्लंडमध्ये मार्च २००२ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाने डोंगरभ्रमंती आणि हौशी रेडिओ यांची जोड घातली. शिखरावर पायी चढायचे, यंत्र आणि बॅटरी पाठीवर न्यायची आणि तेथून अल्प शक्तीवर जगाशी बोलायचे, असा त्याचा नेम. सह्याद्रीसारखा पर्वत अंगणात असलेल्या महाराष्ट्रात गिर्यारोहणाची परंपरा पूर्वीपासून समृद्ध आहे. गडावर जाणाऱ्या प्रत्येक गटात एक तरी परवानाधारक हौशी चालक असला, तर ती भटकंती अधिक सुरक्षित होईल आणि अधिक समंजसही.

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक हौशी रेडिओ दिन साजरा होतो. १९२५ साली याच दिवशी पॅरिस येथे हौशी चालकांच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना झाली होती. त्यानंतरच्या शंभर वर्षांत संवादाची साधने अमाप वाढली. आज खिशातील फोनवरून क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलता येते आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. मात्र त्या सोयीत शब्दाचे मोल कमी झाले आहे. हौशी रेडिओवर प्रत्येक शब्द मोजूनमापून पाठवावा लागतो आणि तो कोणीतरी लक्ष देऊन ऐकला आहे, याची पोच मिळते. संभाषण संपताना हॅम एकमेकांना '७३' असे म्हणतात. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला तो आकडा म्हणजे 'हार्दिक शुभेच्छा'.

पावसाळा उतरला की ओव्याच्या गच्चीवरून माथेरानचा कडा स्वच्छ दिसू लागतो. ज्या घरात बारा वर्षांवरील मूल आहे, त्या घराने त्या कड्याकडे एकदा रेडिओचालकाच्या नजरेने पाहावे आणि परीक्षेचा अभ्यास सुरू करावा. पुढचा पावसाळा येईल तेव्हा या डोंगरांमध्ये ऐकणारे आणि नेमके बोलणारे आणखी एक घर तयार असेल.